डोहातला पलिता, धरणातली बॅटरी : यवतमाळ जिल्ह्यातील रात्रीच्या मासेमारीचा मागोवा

समुद्रकाठच्या धक्क्यांवरील दिव्यांचा उजेड पाण्यावर पडतो, त्या उजेडाकडे मासे ओढले जातात आणि एकट्या माणसाला पुरेशा छोट्या होडीतून रात्री ते पकडले जातात, ही मासेमारीची रीत जगाच्या अनेक किनाऱ्यांवर रूढ आहे. यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, धक्का नाही आणि बारमाही खोल नदीही फारशी नाही. तरीही उजेडाने मासा जवळ आणणे किंवा दिपवणे, तसेच एकट्या माणसाने बेताच्या तरंगत्या साधनावर बसून रात्री पाण्यात उतरणे, या दोन्ही गोष्टींना या जिल्ह्यात स्वतःचा इतिहास आहे. तो समजून घ्यायचा तर आधी येथील पाण्याचे स्वरूप पाहावे लागते, कारण येथे मासेमारीची पद्धत माणसाच्या हौसेपेक्षा पाण्याच्या तुटवड्याने अधिक ठरवली आहे.

जिल्ह्याच्या पूर्व व ईशान्य सीमेवरून वर्धा नदी वाहते आणि दक्षिण सीमेवरून पैनगंगा. वणी तालुक्यात जुगादजवळ या दोन नद्यांचा संगम होतो. पूस, अरुणावती, अडाण, वाघाडी, खुनी या नद्या पैनगंगेच्या खोऱ्यातल्या, तर बेंबळा आणि निरगुडा वर्धेला मिळणाऱ्या. जिल्ह्याचा बहुतांश भाग काळ्या बसाल्ट खडकाच्या पठारावर वसलेला असल्याने पावसाचे पाणी या नद्यांतून वेगाने वाहून जाते, आणि हिवाळा सरता सरता प्रवाह तुटून पात्रात केवळ डोह उरतात. डोह म्हणजे खडकाच्या खोलगट भागात किंवा वळणावर साचून राहिलेले पाणी. उन्हाळ्यात गावाची जनावरे, धुणे आणि मासे यांचा एकमेव आसरा तोच असे. विदर्भाच्या पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत भातशेतीसाठी बांधलेल्या मालगुजारी तलावांची, म्हणजे गावच्या मालगुजाराच्या ताब्यात राहिलेल्या जुन्या तलावांची, मोठी परंपरा आहे आणि तेथील ढिवरांची मासेमारी त्या तलावांभोवती वाढली. यवतमाळ ज्यात मोडतो त्या वऱ्हाडात मालगुजारी नव्हती. 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेल्या या प्रदेशात रयतवारी पद्धतीची जमीनमोजणी झाली आणि मुख्य पिके कापूस व ज्वारी ही राहिली. त्यामुळे यवतमाळच्या मच्छिमाराला तलाव मिळाला नाही, त्याच्या वाट्याला डोह आले. हा फरक लहान वाटतो. परंतु तलावात वर्षभर जाळे टाकता येते, डोहात मात्र मासा आटत्या पाण्यात कोंडला जातो आणि त्याला शोधून, हेरून पकडावे लागते, म्हणून उजेडाची मासेमारी डोहाला जितकी मानवली तितकी तलावाला मानवली नाही.

या व्यवसायात प्रामुख्याने भोई समाज होता. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात (1916) धीमरांची जी नोंद आहे, तीत शिंगाडे पिकवणारे, झिंगे धरणारे, गळाने मासे पकडणारे असे कामावरून पडलेले पोटभेद दिलेले आहेत. आजच्या महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीतही भोई या मुख्य नावाखाली झिंगा भोई, राज भोई, कहार, केवट, धिवर, धीमर, नावाडी अशी अनेक नावे एकत्र येतात. या नावांच्या गर्दीवरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की मासेमारी हा या लोकांचा एकमेव धंदा कधीच नव्हता. पालखी व मेणा वाहणे, घरोघर पाणी भरणे, नदीवर उतारूंना पार करणे, नदीच्या गाळात उन्हाळी टरबुजे व काकड्या लावणे ही सारी पाण्याशी आणि खांद्याशी संबंधित कामे त्यांच्याकडे असत. रस्ते झाले, बैलगाड्यांची व पुढे मोटारींची वाहतूक वाढली, तसा पालखीचा धंदा बसला. पूल झाले तसा नावाड्याचा बसला. उरला तो मासा. एखाद्या जातीचा ‘परंपरागत व्यवसाय’ म्हणून ज्याची नोंद होते, तो पुष्कळदा इतर व्यवसाय बुडाल्यानंतर उरलेला व्यवसाय असतो, आणि भोयांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे.

पैनगंगेचे स्थान जिल्ह्यातील इतर नद्यांहून वेगळे होते. 1853 नंतर जवळजवळ शतकभर ही नदी एका बाजूला वऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला निजामाचे हैदराबाद संस्थान यांच्या मधली सीमा होती. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला, 1905 मध्ये पूर्वीच्या वणी जिल्ह्याला पुसद तालुका जोडून आजचा यवतमाळ जिल्हा आकाराला आला, तरी नदीच्या पलीकडचे राज्य 1948 पर्यंत निराळेच राहिले. मासा मात्र दोन्ही राज्यांत हिंडत होता, आणि दोन्ही काठांवरचे भोई आणि कोलाम, गोंड व आंध हे आदिवासी त्याच्या मागे होते. 

मासे पकडण्याच्या कलेची दखल भारतीय ग्रंथपरंपरेने बरीच आधी घेतली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष, म्हणजे जलवाहतुकीवरचा अधिकारी, मच्छिमारांकडून पकडीचा सहावा हिस्सा नौकाभाडे म्हणून घेई असा नियम आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, त्यांना घालायचे आमिष आणि गळ टाकण्याची रीत यांचा तपशील आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाचा अभ्यास केला. राजाच्या करमणुकीचा हा ग्रंथ डोहात पलिता घेऊन उतरणाऱ्या माणसासाठी लिहिलेला नव्हता, हे उघड आहे. या माणसाचे ज्ञान लिहिले न जाता हातातून हातात गेले.

त्या ज्ञानाचा गाभा असा. रात्री पाण्यावर स्थिर उजेड पडला की प्रथम पाण्यातील सूक्ष्म जीव व हवेतील किडे त्याकडे येतात; पावसाळ्याच्या आरंभी वाळवीला पंख फुटून ती दिव्याभोवती झुंबड करते आणि पाण्यात गळून पडते, तेव्हा हे विशेष दिसते. किड्यांमागे लहान मासळी येते आणि लहान मासळीमागे शिकारी मासा. हा शिकारी बहुधा उजेडात येत नाही. उजेड आणि काळोख यांच्या सीमारेषेवर तो दबा धरून असतो, आणि जाणता मच्छिमार आपला गळ किंवा जाळे त्याच रेषेवर टाकतो. समुद्राच्या धक्क्यावर आणि धरणाच्या काठावर हा नियम सारखाच चालतो. डोहात मात्र उजेडाचा उपयोग पुष्कळदा वेगळा असे. शिंगाडा, पडीन, वाम हे मासे दिवसा कपारीत किंवा चिखलात राहतात आणि रात्री भक्ष्य शोधायला उथळ पाण्यात येतात. मरळ काठाच्या गवताजवळ स्थिर पडून असते. एकदम जवळून प्रखर उजेड पडला की असा मासा क्षणभर दिपून जागीच थबकतो. तेवढा क्षण पुरतो.

या कामाला दोघे लागत. पुढचा माणूस पलिता किंवा मशाल पाण्यापासून हातभर उंच, किंचित पुढे धरी, आणि मारणारा त्याच्या मागे न चालता बगलेला चाले, कारण मागे राहिले तर पुढच्याची सावली पाण्यावर पडते आणि सावली हलली की मासा सुटतो. पाय उचलून टाकायचे नसतात, तळाशी घासत सरकवायचे असतात, म्हणजे पाणी वाजत नाही आणि गाळही फार उठत नाही. भाला किंवा काठी मासा दिसतो त्या जागी मारून चालत नाही. पाण्यात तो असतो त्यापेक्षा वर दिसत असल्याने नेम थोडा खाली धरावा लागतो. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा हा धडा शाळेत न गेलेली मुले डोहात शिकत. वारा नको, चंद्र नको, गढूळ पाणी नको. म्हणजे पावसाळा उलटून पाणी निवळल्यावरचा आणि डोह पुरते आटण्यापूर्वीचा काळ, त्यातही अंधारा पंधरवडा. महिन्याकाठी मोजक्याच रात्री या अटींत बसत, आणि डोहातली मासळी टिकून राहण्यास हेही एक कारण होते.

त्यात जळणाचीही मर्यादा होती. चिंध्या गुंडाळलेल्या काठीला तेल पाजून केलेला पलिता, वाळल्या काटक्यांची किंवा तुराट्यांची जुडी, सालईच्या डिंकाने माखलेले लाकूड ही उजेडाची जुनी साधने. मोहाच्या बियांचे व करंजाचे तेल घरात जाळण्यापुरते असे. ते रात्रभर नदीवर उधळणे परवडणारे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट खेड्यांत पोचू लागले, त्यामागून काचेचा कंदील आला, आणि विसाव्या शतकात दाबाच्या हवेवर चालणारी, पांढऱ्या जाळीची गॅसबत्ती आली, जिला लोक एका जर्मन छापाच्या नावावरून पेट्रोमॅक्सही म्हणत. कंदिलाचा पिवळा उजेड पाण्यात फार खोल जात नसे. गॅसबत्तीने डोहाचा तळ दिसू लागला. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवणारी हीच बत्ती भाड्याने आणून नदीवर नेता येई. भाडे द्यायचे म्हटले की चार जणांनी मिळून जायचे आणि भाडे निघेल इतकी मासळी आणायचीच, असा हिशेब सुरू होतो. रात्रीच्या मासेमारीत पैशाचा विचार शिरला तो बहुधा याच वाटेने.

पहिल्या पावसाच्या रात्रींची गोष्ट मात्र निराळी. मृगाचे पाणी पडून ओढ्यांना लोंढा आला की अंड्यांवर आलेले मासे प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्याकडे चढतात. महाराष्ट्रात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. या रात्री भोई असो वा नसो, गावातील बहुतेक तरुण दिवे, कोयते, काठ्या, टोपल्या घेऊन ओढ्यावर जातात, आणि ज्या समाजाचे पोट वर्षभर मासळीवर अवलंबून आहे त्याच्या पुढल्या हंगामाचे बियाणे एका रात्रीत संपवतात. या प्रथेकडे गावजीवनातला उत्सव म्हणून पाहणारे लेखन मराठीत बरेच आहे. तिचा तोटा सोसणाऱ्या मच्छिमाराच्या बाजूने लिहिलेले फार थोडे.

मासळीच्या नाशाची चर्चा सरकारी पातळीवर ठळकपणे झाली ती फ्रान्सिस डे यांच्या 1873 च्या अहवालात. सैन्यातील वैद्यक खात्यातून मत्स्यविभागाकडे आलेल्या या अधिकाऱ्याने हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील मासेमारीची पाहणी करून बारीक आसाची जाळी, ओढे अडवून पिल्ले धरणे आणि पाण्यात विष कालवणे यांकडे लक्ष वेधले. त्यानंतर चोवीस वर्षांनी, 1897 मध्ये, भारतीय मत्स्योद्योग कायदा झाला आणि पाण्यात स्फोटके व विष वापरणे गुन्हा ठरले. दख्खनच्या रानात गेळाची फळे, हिंगणबेट, थोराचा चीक अशा वनस्पती कुटून अडवलेल्या पाण्यात टाकत, त्यामुळे मासे गुंगून वर येत. आदिवासींच्या या पद्धतीवर सरकारी लेखनात पुष्कळ टीका आहे. परंतु आटत्या डोहाच्या एका कोपऱ्यात, वर्षातून एखाद्या वेळी सामुदायिकपणे केलेल्या या मासेमारीची तुलना सुरुंगाच्या दारूशी करणे न्याय्य नव्हते. रस्ते, विहिरी आणि खाणी यांसाठी दारू आली, तिचा एक बार डोहात टाकला की लहानमोठा सारा जीव एकदम मरतो. पुढे कीटकनाशकेही या कामी येऊ लागली. कापसाच्या जिल्ह्यात ती घरोघर असतात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम आला, त्यानेही स्फोटके व विष यांवरची बंदी कायम ठेवली.

खरे स्थित्यंतर घडवले ते धरणांनी. पुसदजवळ पूस नदीवरचे धरण 1971 मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर निम्न पूस, गोकी, पैनगंगेवरचे इसापूर, दिग्रसजवळचे अरुणावती आणि बाभूळगावकडचे बेंबळा असे प्रकल्प पुढल्या साडेतीन-चार दशकांत उभे राहिले. इसापूरचा जलाशय यवतमाळसह हिंगोली आणि वाशीम या जिल्ह्यांत पसरलेला आहे. ही धरणे सिंचनासाठी बांधली गेली, मासा त्यांच्या आराखड्यात दुय्यम होता. तरी ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गुडघाभर पाणी शोधावे लागे तेथे वाव-वाव खोल पाणी बारा महिने उभे राहिले. डोह बुडाले. त्यांच्यासोबत कोणत्या खडकाखाली वाम असते आणि कोणत्या वळणावर पडीन फिरतो हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञानही निरुपयोगी झाले, कारण धरणाच्या पाण्यात काठ रोज सरकतो.

या पाण्यात मासाही नवा आला. कटला, रोहू आणि मृगळ हे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांचे बीज पूर्वी नद्यांतून गोळा करून आणावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन या माशांचे प्रेरित प्रजनन घडवून आणले, आणि त्यानंतर मत्स्यबीज हवे तेथे तयार करून जलाशयात सोडणे शक्य झाले. बीज विकत घेऊन सोडायचे म्हटले की पाण्यावर ताबा हवा, आणि ताबा हवा म्हटले की ठेका आला. पूर्वी डोहावरचा हक्क गावच्या रिवाजाने चाले. आता जलाशय सरकारचा, ठेका मच्छिमार सहकारी संस्थेचा आणि मासेमारीचा अधिकार सभासदाचा अशी उतरंड झाली. सहकारामुळे भोई समाजाला पाण्यावर कागदोपत्री हक्क प्रथमच मिळाला, ही मोठी जमेची बाजू होय. मात्र संस्थेच्या नावाआड व्यापाऱ्याचा पैसा आला की सभासद आपल्याच पाण्यावर मजूर होतो, आणि हे दुखणे महाराष्ट्रातील जलाशयांवर सर्वत्र आढळते.

तरंगण्याच्या साधनांचा इतिहास येथे येऊन मिळतो. वर्धा, पैनगंगा यांसारख्या मोठ्या नद्यांवर डोंगा असे. एका मोठ्या खोडातून कोरलेली ही अरुंद होडी वल्ह्याने किंवा बांबूने चालवत. लहान प्रवाह ओलांडायला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड किंवा घागरी बांधून केलेली घडनई पुरे. जंगलाचे कायदे कडक झाले, जाड खोडे मिळेनाशी झाली आणि डोंगा दुर्मीळ झाला. धरणाच्या विस्तीर्ण पाण्यावर फळ्यांची किंवा पत्र्याची नाव लागते, पण ती विकत घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. म्हणून गरिबाने दोन साधने शोधली : ट्रकच्या चाकातील हवा भरलेली ट्यूब आणि वेष्टनातून आलेल्या थर्मोकोलच्या लाद्या. लाद्या एकावर एक ठेवून, पोत्यात किंवा जुन्या जाळ्यात घट्ट बांधून त्यावर एक माणूस पाय दुमडून बसतो, हातातल्या छोट्या फळीने पाणी मागे लोटतो आणि पुढ्यात जाळ्याची चवड ठेवतो. परदेशी छंदी लोक ज्या एकट्याच्या होडीला मोठी किंमत मोजतात, तिचे काम येथे फेकून दिलेल्या वेष्टनावर चालते. थर्मोकोल बुडत नाही, हे खरे. वाऱ्याने लाट उठली की ते उलटते आणि जाळे पायांत अडकते, हेही तितकेच खरे.

या लाद्यांवरून जी मासेमारी होते ती बहुतांशी रात्रीची, आणि तिचे वैशिष्ट्य असे की तिला उजेड नको असतो. सुताची, तागाची जुनी जाळी जाड असत, ती सालींच्या काढ्यात बुडवून टिकवावी लागत आणि पाण्यात सहज दिसत. नायलॉन आले, आणि त्यामागून तंगुसाचे, म्हणजे एकेरी पारदर्शक धाग्याचे, जाळे आले. ते संध्याकाळी पाण्यात आडवे टांगून ठेवायचे आणि पहाटे उचलायचे. अंधारात मासा त्यात डोके घालतो आणि कल्ल्याशी अडकतो. येथेही अमावास्येच्या आसपासची रात्र चांगली, पण कारण उलटे : चांदणे असले की माशाला जाळे दिसते. डोहातला मच्छिमार काळोख शोधत असे तो आपल्या दिव्याला धार यावी म्हणून, धरणावरचा शोधतो तो आपले जाळे लपावे म्हणून. दिव्याचे काम जाळ्याची टोके शोधणे आणि दुसऱ्या लादीला आपली जागा कळवणे एवढेच उरले. काठावर फेकजाळे किंवा गळ घेऊन बसणारे मात्र अजूनही बॅटरी वापरतात.

ही बॅटरी हलकी आणि स्वस्त झाली, हे अलीकडचे मोठे स्थित्यंतर. कपाळाला बांधायचा एलईडी दिवा आला तेव्हा पलिता धरणारा दुसरा माणूस अनावश्यक ठरला आणि जळणाचा खर्चही जवळजवळ नाहीसा झाला. पूर्वी महिन्यातील काही रात्रींपुरता असलेला उजेड आता रोज परवडतो. जपानमधील गिफू येथे नागारा नदीवर होडीच्या टोकाला लोखंडी टोपलीत लाकडे पेटवून पाणकावळ्यांकरवी मासे धरण्याची तेराशे वर्षांची परंपरा चालू आहे. तेथे जाळ मुद्दाम जुन्याच पद्धतीचा ठेवला आहे. अरबी समुद्रात याच्या उलट घडले. प्रखर एलईडी दिव्यांच्या झोतात मासळीचे थवे ओढून उपसणाऱ्या नौकांमुळे पारंपरिक मच्छिमार हवालदिल झाले, आणि केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा मासेमारीला बंदी केली. महाराष्ट्राच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन अशा नौकांना जबर दंडाची तरतूद झाली. हे दोन्ही उपाय समुद्रापुरते आहेत. उमरखेड तालुक्यात नदीकाठी पसरलेल्या पैनगंगा अभयारण्यात वन्यजीव कायद्याचे निर्बंध लागू आहेत, पण बाकीच्या नद्यांच्या डोहांवर रात्री कोणी कोणता दिवा घेऊन उतरावे हे गावाच्या रिवाजावरच सोडलेले आहे, आणि तो रिवाज पाळायला लावणारी गावची ताकद धरणाच्या ठेक्यांनंतर पूर्वीसारखी राहिलेली नाही.

यवतमाळ जिल्ह्याचा लिखित इतिहास कापूस, कोळसा आणि चळवळी यांनी भरलेला आहे. सी. ब्राउन व रसेल यांनी संपादित केलेल्या 1908 च्या जिल्हा गॅझेटियरनंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. डोहात पलिता धरलेली शेवटची पिढी आता वृद्ध झाली आहे. पुसद, दिग्रस, उमरखेड आणि वणी येथील महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी बुडालेल्या डोहांची नावे, जाळ्यांचे प्रकार आणि हक्काच्या जुन्या रीती या माणसांकडून आताच लिहून घ्यायला हव्यात.